निखारे डोक्यावरून कोण नेतं?

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण आहे ते कर्जतच्या हायस्कुलात मला संस्कृत शिकवणाऱ्या गुरुजींचं. आईवडिलांची गोष्ट वेगळी. ते आपले असतातच. गुरुजी माझे कोणी नव्हते. ते ब्राह्मण, मी गावानं वाळीत टाकलेल्या ख्रिस्ती कुणब्याचा मुलगा. तरी मॅट्रिकच्या वर्षी त्यांनी मला रोज संध्याकाळी आपल्या ओटीवर बसवून शिकवलं, कॉलेजचा फॉर्म स्वतः भरला आणि मुलाखतीला जाताना स्वतःचा कोट माझ्या अंगावर चढवला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढं गेलेलं नव्हतं. मी बी.ए. झालो, तो त्यांच्यामुळं.

गुरुजी तापट होते. कोशातले शब्द एकापुढं एक मांडून आम्ही श्लोकाचा अर्थ सांगितला की त्यांचा संताप व्हायचा. "कोश बंद कर," ते म्हणायचे. "हे वाक्य ज्यानं म्हटलं त्याच्या हातात त्या वेळी काय होतं ते सांग." एकदा तेलाच्या धारेची उपमा आली. मी कोशातून अर्थ सांगितला, तर त्यांनी मला वर्गातून उठवून बाजारातल्या तेल्याच्या घाण्यावर पाठवलं. "तासभर उभा राहा. धार तुटते का बघून ये." मी बायबल वाचतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यावर ते एवढंच म्हणाले, "वाचतोस ना? मग नीट वाच. अर्धवट वाचणारे आमच्यात काय कमी आहेत?"

हे सगळं आधी सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात मी त्यांचं एवढं एकच शिकवणं विसरलो.

आमचं गाव कळंबच्या बाजूला, रस्ता सोडून आत. मी लहान असताना वडील ख्रिस्ती झाले आणि भावकीनं आम्हाला वाळीत टाकलं. पुढाकार वडिलांच्या थोरल्या भावाचा. त्यांना आम्ही मोठा बाबा म्हणायचो. गावची विहीर बंद झाली. न्हावी येईना. लावणीला एकमेकांच्या शेतात जायची सावड असते, तिला आमच्याकडं कोणी फिरकेना. आई आणि वडील दोघंच चिखलात वाकून राहायचे. पण आईच्या मनात जे रुतून बसलं ते वेगळंच. एका आषाढात आमची चूल विझली. काडेपेटी सर्दावली होती. अशा वेळी शेजारून विस्तव आणायचा ही आमच्याकडची रीत. वैऱ्यालासुद्धा त्याला नाही म्हणत नाहीत. आई खापरी घेऊन मोठ्या बाबांच्या दारात गेली. मोठ्या आईनं दोन निखारे घातलेही. तेवढ्यात मोठे बाबा बाहेर आले आणि त्यांनी हातातल्या तांब्यातलं पाणी त्या खापरीत ओतलं. आई ओले कोळसे घेऊन परत आली. त्या दिवशी आम्ही पोहे भिजवून खाल्ले. आई कुणालाही ही गोष्ट सांगत नसे. मलाही तिनं एकदाच सांगितली.

पुढं वडील गेले. बहिष्कारही हळूहळू सैल झाला, जशी पावसानं कुंपणं सैल होतात. कुणी तो उठवला नाही, पण कुणी सांभाळलाही नाही. मी शिकून रसायनीला एका कारखान्याच्या कचेरीत लागलो. शनिवारी चौकला एस.टी. बदलून घरी यायचो आणि रविवारी आईला घेऊन कर्जतला प्रार्थनेला जायचो. आमची मंडळी म्हणजे बारा-पंधरा माणसं, बहुतेक रेल्वेतली. पाद्रीसाहेब महिन्यातून एकदा यायचे. बाकीच्या रविवारी वचन वाचून समजावून सांगायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी ग्रॅज्युएट. या एका शब्दानं त्या प्रार्थनेच्या खोलीत माझं फार नुकसान केलं. एखादी ओळ मला समजली नाही असं म्हणायची सोयच उरली नाही.

त्या वर्षी मोठ्या बाबांना अर्धांगाचा झटका आला. मोठी आई आधीच गेलेली. एक मुलगा माथेरानला हॉटेलात, एक मुंबईला गिरणीत. सुनेशी त्यांचं पटलं नाही, ती माहेरी निघून गेली. शेजारपाजाऱ्यांनी पाळीपाळीनं जेवण दिलं, पण मोठे बाबा प्रत्येकाच्या भाकरीला नावं ठेवायचे. कुणाची कच्ची, कुणाची करपलेली, कुणाच्या कालवणात नुसतं पाणी. महिन्याभरात सगळे थांबले.

आणि आमच्या आईनं सुरुवात केली.

रोज दुपारी ती तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण घेऊन जायची. धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नसतं, म्हणून डोक्यावरून पदर घ्यायची, ताट उंबऱ्याच्या आत ठेवायची आणि पाठ फिरवून बाहेर थांबायची. मला हे कळलं तेव्हा माझे डोळे भरून आले. जे मला पुस्तकं वाचून जमलं नसतं ते या अंगठेबहाद्दर बाईनं करून दाखवलं, असं मला वाटलं. दोन महिन्यांनी एका शनिवारी मी तिला तसं बोलून दाखवलं.

"आय, फार मोठं काम करतेस तू."

"कसलं मोठं रं?" ती चुलीतली राख ओढत म्हणाली. "दोन म्हयने झाले. त्याच्या डोस्क्यावरचा एक केस नाय जळला अजून."

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे? तूच वाचलंस ना तिकडं? दुश्मनाला खाया घाल, पानी दे, म्हंजे त्याच्या डोस्क्यावर निखाऱ्यांचा ढीग पडंल. मी तवाच ठरवलं. येवढी सोपी गोष्ट आपल्याला कोनी आधी सांगितली का नाय?"

मी कपाळाला हात लावला. वाचलं होतं खरं. येशूचा प्रेषित पौल, त्यानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ते आहे आणि त्यानंही ते जुन्या करारातल्या नीतिसूत्रांतून उचललंय. मी ते वाचून दाखवलं होतं आणि निखाऱ्यांवरून घाईघाईनं पुढं सरकलो होतो, कारण ते मलाच समजलं नव्हतं. वैऱ्याचा सूड घेऊ नका, असं वर सांगायचं आणि खाली त्याच्या डोक्यावर निखारे ठेवायचे, हे काय आहे? मी गप्प बसलो आणि माझ्या गप्प बसण्यातून आईनं तिला हवा तो अर्थ घेतला. आता दोन महिने ती सूड म्हणून रोज भाकऱ्या थापत होती.

तिची ही समजूत दुरुस्त केलीच पाहिजे असं मी ठरवलं. आज वाटतं, का? म्हातारा जेवत होता. आई खुशीत होती. पण मी ग्रॅज्युएट होतो.

पाद्रीसाहेबांकडून मी बायबलवरच्या भाष्याचे इंग्रजी ग्रंथ मागून आणले. हे ग्रंथ लिहिणारे लोक मला अजून समजलेले नाहीत. 'भुकेला असेल तर खाऊ घाल' या वाक्यावर दीड पान. त्यात काय समजावण्यासारखं आहे? आणि निखाऱ्यांवर तीन ओळी. शेवटी एका ग्रंथात हवं ते सापडलं. पूर्वेकडच्या देशांत म्हणे लोक विस्तव भांड्यात घालून डोक्यावरून घरी नेत. वैऱ्याची चूल विझली आणि तो तुमच्या दारी आला, तर त्याला एक-दोन निखारे देऊन वाटेला लावू नका, भांडं शिगोशीग भरा. म्हणजे डोक्यावर निखाऱ्यांची रास. म्हणजे औदार्य. मला इतका आनंद झाला की मी रात्रीची पाळी करून आलेल्या शेजाऱ्याला उठवून तो अर्थ ऐकवला. त्यानं कूस बदलली.

पुढच्या रविवारी मी मंडळीपुढं तो अर्थ मोठ्या थाटात मांडला. आई पुढच्या सतरंजीवर बसली होती. 'डोक्यावरून' हा शब्द आला आणि तिला हसू फुटलं.

"डोस्क्यावर? इस्तू?"

"हो, आय. भांड्यात घालून."

"कोनी सांगितलं रं तुला?" तिच्या शेजारची पॉइंट्समनची बायको आता तोंडाला पदर लावून हसत होती. "डोस्क्यावर पानी नेतात, भारा नेतात. इस्तू हातात नेतात, अंगापासून लांब. वर राख टाकायची, वाऱ्याला पाठ करायची. डोस्क्यावर घेतला तर इझला का पेटला कळंल कसं?"

आमच्या मंडळीतले वडीलधारे म्हणजे एक निवृत्त रेल्वे गार्ड. ते माझ्या बाजूनं धावून आले. "बाई, ग्रंथात लिहिलंय ते."

"गार्डबाबा, लिवनाऱ्यानं कदी चूल पेटवलीय का?"

खोलीभर हशा झाला. मी लाल झालो. गुरुजींनी मला घाण्यावर पाठवलं होतं, आणि इथं जन्मभर विस्तव नेणारी बाई माझ्या घरात असताना मी तिला एका शब्दानं विचारलं नव्हतं. सातासमुद्रापलीकडच्या कुणाकडून तिचीच रीत शिकून आलो होतो. तिथंच थांबायला हवं होतं. पण हसं झालं की माणूस हट्टाला पेटतो.

"तिकडच्या देशात नेत असतील," मी जोरात म्हणालो.

"बरं, नेत असतील. मंग त्याचा अर्थ काय?"

"अर्थ असा, की हा सूड नाही. वैऱ्याची चूल विझली, तर आपण त्याला आपल्या चुलीतला विस्तव द्यायचा. भरभरून द्यायचा."

आईचं हसू गेलं. "म्हंजे मी दोन म्हयने त्याला इस्तू देतेय?"

"तसंच," मी म्हणालो. ज्या क्षणी म्हणालो त्याच क्षणी ती पाण्यानं भरलेली खापरी मला आठवली. पण शब्द गेला होता. आई उठली, छत्री घेतली आणि प्रार्थना संपायच्या आत बाहेर जाऊन उभी राहिली.

घरी आल्यावर तिनं दोघांपुरत्याच भाकऱ्या केल्या. मी घाबरत विचारलं, "त्यांचं ताट?"

"त्याची चूल इझली असंल तर त्यानं दुसऱ्याच्या घरून इस्तू आनावा."

"आय, ते उठू शकत नाहीत."

"मला काय सांगतोस? तूच अर्थ सांगितलास ना? चांगला सांगितलास. मला समजला."

आता या बाईला काय सांगावं? मी खोटा अर्थ दुरुस्त केला आणि त्यापायी एक म्हातारा उपाशी राहिला. संध्याकाळी मी स्वतः भाकरी थापली. ती मध्ये कच्ची आणि कडेला काळी झाली. आई बाजूला बसून बघत होती, पण हात लावला नाही. मी ताट घेऊन गेलो. मोठ्या बाबांनी उजव्या हातानं भाकरीचा तुकडा उचलला, उजेडाकडं धरला आणि तोंडात घातला. मला वाटलं आता शिव्या देतील. ते बराच वेळ चावत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज पाठवला आणि घरीच राहिलो. सकाळी पुन्हा माझी भाकरी, पुन्हा तेच. दुपारी मी आईपुढं हिशेबाला बसल्यासारखा सगळे ग्रंथ घेऊन बसलो. म्हटलं, आय, आणखीही अर्थ आहेत. एक जण म्हणतो की जुन्या मिसर देशात एखाद्याला आपल्या चुकीचा पश्चात्ताप झाला की तो स्वतःच डोक्यावर निखाऱ्यांचं भांडं घेऊन जायचा. म्हणजे निखारे ही लाज. आपण दया केली की वैऱ्याला आपली आपणच लाज वाटते.

"त्याला वाटली का?"

"मला काय माहीत?"

"मंग पुढं सांग."

पुढं सांगितलं. एक जण म्हणतो, नीतिसूत्रांतला मूळ हिब्रू शब्द चुलीतून निखारा उचलून घेण्यासाठी वापरतात. त्यामुळं काहींचं म्हणणं, निखारे डोक्यावर ठेवायचे नाहीत, डोक्यावरून काढायचे आहेत.

आई माझ्याकडं बघत राहिली. "ठेवायचे का काढायचे?"

"त्यावर वाद आहे."

"म्हंजे तुला ठावं नाय."

"नक्की कुणालाच ठाऊक नाही, आय. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचं बोलणं आहे. त्या बोलण्यामागची रीत हरवली."

"मंग काल येवढं ठासून कशाला सांगितलंस?"

मी ग्रंथ बंद केले. थोड्या वेळानं तिनं चुलीकडं तोंड करून विचारलं, "खाल्लं का त्यानं?"

"अर्धी. काल अर्धी आणि आज अर्धी."

"नावं नाय ठेवली?"

"नाही. एकदाच बोलले. निघताना म्हणाले, 'तुझी आय बरी हाय ना रं? तिचा हात नाय हा.'"

परात ओढून आईनं पीठ घेतलं आणि पाण्याचा हात लावला. पहिली भाकरी तव्यावर पडली, तसा मी न राहवून विचारलं, "म्हणजे तू आता कुठला अर्थ धरलास?"

"काय रं अर्थ अर्थ करतोस?" ती भडकली. "अर्थ कळंस्तवर त्याला उपाशी ठेवायचा का? पयली ओळ तर कळली ना? का तिच्यावर पन वाद हाय?"

मी रसायनीला परत गेलो. गुरुजी तेव्हा निवृत्त होऊन साताऱ्याला मुलीकडं राहत होते. दोन आठवड्यांनी मी त्यांना लिहिलेलं पत्र असं:

तीर्थस्वरूप गुरुजी,

नमस्कार. आपले डोळे बरे नसतात म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. तरी लागलं नाही तर ताईंनी वाचून दाखवावं.

आपल्याला सांगायला लाज वाटते असं एक काम माझ्या हातून झालं. डोक्यावर निखारे ठेवण्याविषयी बायबलात एक वाक्य आहे. निखारे रोज हाताळणाऱ्या माझ्या आईला काही न विचारता मी कर्जतला चारचौघांत त्याचा अर्थ सांगितला आणि त्यापायी एक आजारी माणूस तिच्या हातच्या जेवणाला मुकला. दोन वेळची जेवणं त्यांनी माझ्या भाकरीवर काढली. आपण रागवाल, ते योग्यच. एवढंच सांगतो की ताट पुन्हा सुरू झालं, आणि ते माझ्या विद्वत्तेमुळं नव्हे.

आमच्या मंडळीतले गार्डबाबा मात्र अजून थांबलेले नाहीत. येत्या रविवारी, श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा सुईच्या नाकातून उंट जाणं सोपं, हे वचन आहे. त्यांनी आधीच एक पुस्तक आणून दिलं. त्यात लिहिलंय की यरुशलेमला 'सुईचं नाक' नावाचं एक लहान दार होतं, त्यातून उंटाला ओझं उतरवून, गुडघे टेकून जावं लागे. मी विचारलं, ते दार कुणी पाहिलं? तर पुस्तकात कुणाचाच दाखला नाही. गार्डबाबा म्हणतात, "पण किती छान अर्थ आहे!" अर्थ छान आहे म्हणूनच मला आता भीती वाटते. उंटवाल्याला जाऊन विचारावं, तर या तालुक्यात उंट नाही. मी मंडळीला सांगणार आहे की मला माहीत नाही. ग्रॅज्युएट माणसानं असं म्हटलेलं त्यांना चालेल की नाही, बघू.

घरची हकिकत अशी. आईच्या मनात नक्की काय आहे ते मी विचारत नाही. मध्येच ती म्हणते, "जळतंय, हळूहळू जळतंय," आणि हसते. मोठे बाबा हल्ली बोलायला लागले आहेत. थोरल्या दिरानं भावजयीशी थेट बोलायचं नाही, म्हणून ते ओटीवरच्या खांबाशी बोलतात. परवा मी तिथं होतो. ते खांबाला म्हणाले, "कालवनात मिरची जास्त पडते. म्हाताऱ्या मानसाला सोसत नाय."

मला वाटलं, आता संपलं. आई पाठमोरी उभी होती. तिनं पदर पुढं ओढला, रिकामं ताट उचललं आणि ताटाला म्हणाली, "मंग आधी सांगायचं. उद्यापास्नं कमी टाकते."

ताईंना नमस्कार सांगावा. तब्येतीला जपावं.

आपला विद्यार्थी